काउंटरपुढचा पाट

सन दोन हजार पंचवीस. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. फेब्रुवारी सरत आलेला, सकाळी अंगात स्वेटर आणि दुपारी डोक्याला रुमाल, असे नाशिकचे ते दिवस. नात बारावीला होती. पेपर तिचे होते, पण कस माझाही लागला.

यंदा परत तेच दिवस आलेत. आज सकाळी पंचवटीतल्या आमच्या गल्लीतून पोरं चालली होती, हातात ती आरपार दिसणारी प्लास्टिकची पाकिटं, आत पेनं आणि हॉलतिकीट. एकीची आई दह्याची वाटी घेऊन मागून पळत होती. भाजीबाजाराच्या तोंडाला द्राक्षांचा टेम्पो अडकला होता आणि रिक्षावाले त्याच्या नावानं शंख करत होते. द्राक्षांचा तो गोडसर आंबूस वास नाकात गेला आणि माझ्या तोंडाला चीज आणि मिरचीच्या बियांची चव आली. हसू नका. कुणाला पहिल्या पावसात भजी आठवतात, मला परीक्षेच्या दिवसांत पिझ्झा आठवतो. चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याला काय आठवावं, हे दुसऱ्यानं ठरवू नये.

त्या वर्षी मुलगा भास्कर आणि सूनबाई दोघंही नोकरीवर. ऋतुजाला, म्हणजे नातीला, कॉलेज रोडच्या सेंटरवर नेणं-आणणं माझ्याकडं आलं. तिकडं गेलो की फाटक बंद व्हायचं. लेकरं आत, आईबाप बाहेर उन्हात. झाडाखाली मोटरसायकलींनी जागा धरलेली. बाया पदरानं वारा घेत उभ्या, बाप लोक फोनमध्ये तोंड घालून उभे. सगळेच उभे. जणू आत पोरगं बसलंय म्हणून बाहेरच्यांनी बसायचं नाही, असा काही नियम होता.

पहिल्या पेपरला आत जाताना ऋतुजानं समोरच्या दुकानाकडं बोट दाखवलं. "आबा, तिथं थांबा. एक स्लाइस घ्या, चीज-कॉर्न. तिखट नसतं."

दुकान म्हणजे एक शटर, त्यात उंच काउंटर आणि मागं भट्टी. काचेच्या पेटीत परातीएवढे पिझ्झे मांडलेले, कापून ठेवलेले. अख्खा घ्यायची जबरदस्ती नाही. एक तुकडा मागा, तो भट्टीत सारून गरम करून कागदाच्या ताटलीत देतात. मला ते एकदम पटलं. आमच्यात भाकरीची चतकोर मागायला कुणी लाजत नाही. भूक चतकोराची असताना अख्ख्या भाकरीचा सोस कशाला? मी मनात त्याचं नाव चतकोर ठेवलं आणि आजही तेच म्हणतो.

काउंटरला काळी टोपी घातलेली एक मुलगी होती. निशा तिचं नाव, ते मला मागाहून कळलं. तिनं चतकोर हातात दिली. वर चीज अजून फुगत-बसत होतं, कडेला करपल्याचा वास, कांदा, टोमॅटो. मी इकडं-तिकडं बघितलं.

"बसायचं कुठं, पोरी?"

"बसायचं नाहीये आजोबा. स्टँडिंग आहे."

"म्हंजे?"

"उभ्यानं खायचं." तिनं छातीएवढ्या उंच गोल टेबलाकडं मान केली. तिथं कॉलेजची पोरं कोपरं टेकून खात होती.

"मी उभ्यानं खात नाय," मी म्हणालो.

"मग पार्सल करू?"

केलं. रिक्षानं घरी येईतो ती चतकोर माझ्या मांडीवर होती. ऋतुजा शेजारी बसून पेपर कसा गेला ते सांगत होती आणि मधूनच पिशवीकडं बघून हसत होती. घरी आल्यावर आमच्या म्हातारीनं ती तव्यावर टाकली. मी पाटावर बसलो, पहिला घास बाजूला काढला आणि थंड होऊन परत गरम झालेला तो पिझ्झा खाल्ला. चिवट झाला होता. तरी लय चांगला लागला.

"एवढ्या लांबून उपाशी आलात," म्हातारी म्हणाली, "तिथं खाल्ला असता तर काय दात पडले असते?"

"उभ्यानं घोडा खातो. बैलसुद्धा बसून रवंथ करतो."

"बैलाला कुणी कॉलेज रोडला पाठवत नाही," ती म्हणाली आणि तवा घासायला घेऊन गेली.

हे उभ्यानं न खाण्याचं माझ्या अंगात कुठून आलं, ते सांगतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारा नुसता अडमुठा आहे. अडमुठा आहेच, पण नुसता नाही.

आमचं गाव देवळ्याकडचं. माझी आई अहिराणी बोलायची. लहानपणी मी हातात भाकरी घेऊन पळायला लागलो की ती ओढून खाली बसवायची आणि म्हणायची, "जेवन शे, लढाई नही." जेवण आहे, लढाई नाही, एवढंच. बाकी तिनं मला काही शिकवलं नाही, तिला वेळच नव्हता. पण हे एक वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं की ते माझ्या गुडघ्यात जाऊन बसलं.

पुढं मिसरूड फुटायच्या वयात एका व्यापाऱ्याच्या कांद्याच्या खळ्यावर कामाला लागलो. उन्हाळी कांदा निवडायचा, गोण्या भरायच्या, शिवायच्या, गाडीत चढवायच्या. डोळ्यांतून पाणी, नाकात कांद्याची पापुद्री. तिथला मुकादम जेवायला बसू द्यायचा नाही. म्हणायचा, "बसून खाल्लं की माणूस जड होतो. उभ्या उभ्या उरका." आणि आम्ही गडी गोणीवर फडकं सोडून, एक पाय वर एक पाय खाली, घास कोंबायचो. एक दिवस माझं डोकं फिरलं. मी गोणपाट अंथरलं, त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर मांडी घातली, भाकरी सोडली, कांदा फोडला आणि सावकाश जेवलो. तो डोक्यावर उभा राहून ओरडत होता. मी घास चावत होतो. तोंडात घास असला की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. जेवण झाल्यावर त्यानं मला काढून टाकलं. पण माझी मांडी काही त्यानं मोडली नाही. ती मी आजपर्यंत मोडू दिलेली नाही.

म्हणून लग्नांत बुफे आला तेव्हा मी बुफेत जेवलो नाही. ताटली घेऊन रांगेत उभं राहायचं, एका हातात ती धरायची, दुसऱ्यानं पुरी तोडायची, मागून कुणाचा तरी धक्का आणि रस्सा शर्टावर. याला जेवणावळ म्हणतात? पंगतीत कसं असायचं, बसलेल्या माणसाला मान असायचा. शेजारचा कोण, गरीब का श्रीमंत, कुणी विचारायचं नाही. वाढपी वाकायचा, खाणारा नाही. आणि शेवटच्याचं ताट होईपर्यंत कुणी उठायचं नाही. दात नसलेला एखादा म्हातारा सावकाश खात असला तरी सगळी पंगत थांबायची.

भास्करचं लग्नही लॉन्सवर झालं आणि त्यानं बुफे ठेवला. मी त्याला आधी सांगितलं होतं, मी जेवणार नाही. त्याला वाटलं बाप बोलतो, वेळेवर जेवेल. मी दारात हात जोडून उभा राहिलो, आल्या-गेल्याला "जेवून जा" म्हणालो, आणि सगळं आटोपल्यावर घरी येऊन दूध-भाकरी खाल्ली. सगळ्या भावकीत झालं, नवरदेवाचा बाप उपाशी गेला. भास्कर त्यावर कधी बोलला नाही. मीही नाही. आमच्या घरात ते लग्न अजून अर्धवट जेवलेलं आहे.

असो. परीक्षेकडं येतो.

दुसऱ्या पेपरला मी पाट घेऊन निघालो. आमच्या लग्नातले दोन पाट आहेत, सागाचे, कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेली. नवरानवरीला बसायला म्हणून गावच्या सुतारानं केलेले. एक माझा. माझ्या बसण्यानं तो मधोमध इतका गुळगुळीत झालाय की तांब्या ठेवला तर घसरावा. दुसरा तिचा. तो स्वयंपाकघरात कोपऱ्यात असतो आणि त्याच्यावर पाण्याचा हंडा. मी माझा पाट पिशवीत घातला. मूठभर बाहेर राहत होता.

रिक्षावाला म्हणाला, "काका, पूजा सांगता का? घाटावर सोडू?"

"पूजा नाय. पिझ्झा हाय. कॉलेज रोडला घे."

तो आरशात माझ्याकडं बघत राहिला. ऋतुजानं पाकिटानं तोंड झाकून घेतलं. मला वाटलं लाजली. मग बघितलं तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आबा," ती म्हणाली, "आज माझा फिजिक्स आहे, मला हसवू नका, सगळं सांडेल."

काउंटरच्या डाव्या अंगाला भिंतीलगत थोडी फरशी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या आड न येणारी. मी पाट टाकला आणि बसलो. डॉक्टरनं खाली बसायला मनाई केली होती. गुडघे म्हणे झिजलेत. झिजले असतील, माझेच आहेत. बसायला मला कुणी लागत नाही. उठायला लागतं. ते मी कुणाला सांगत नाही. उठताना शटरच्या पट्टीला धरायचं, असं मी बसायच्या आधीच हेरून ठेवलं होतं.

निशा काउंटरवरून वाकली. "आजोबा, इथं नाही बसता येत."

"कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाहीये. पण इथं कुणी बसत नाही."

"आता एक बसलंय."

तिनं थोडा विचार केला, मग बाहेर आली आणि वाकून चतकोर माझ्यापुढं ठेवली. मी पाण्याची बाटली उघडली, ताटलीभोवती बोटानं पाणी फिरवलं, टोक तोडून बाजूला ठेवलं. भिंतीच्या कडेला एक पिवळं कुत्रं होतं, त्यानं ते नेलं. मग मी खाल्लं. भट्टीतून आलेली ती पहिली गरम चतकोर. दाताखाली कडा कुरकुरली, चीजची तार हनुवटीपर्यंत आली, मक्याचे दाणे गोड लागले. निशानं लाल बियांची पुडी दिली होती ती मी सगळी उलटी केली. तिखट नसतं म्हणे. खाणाऱ्यानं ठरवायचं तिखट असतं का नाही.

गल्लीतल्या कट्ट्यावर मी हे सांगितलं तर माझा एक जुना सोबती म्हणाला, "आता काय, या वयात पिझ्झा? बाटलास की." त्याला म्हणालो, आपण बटाटा खातो, मिरची खातो, टोमॅटो खातो, ते काय रामकुंडात उगवले होते? कणीक ती कणीक, दूध ते दूध. अन्न कुठून आलं त्याला मी विचारत नाही. माझ्यापर्यंत आल्यावर मी कसा बसतो, एवढं माझ्या हातात आहे.

खाली बसलं की शहराचे पाय दिसतात. हे उभं राहणाऱ्याला कळायचं नाही. पांढरे बूट, चपला, एका पोरीच्या सँडलचा तुटलेला पट्टा पिनेनं जोडलेला. उभ्यानं खाणाऱ्यांचे पाय कधी स्वस्थ नसतात. या पायावरून त्या पायावर, टाच वर, टाच खाली, आता निघतो, आता जातो. खांद्यावरची बॅग कुणी उतरवत नाही. घास तोंडात असतानाच हात खिशात किल्ली शोधतो. पोरं वाईट नाहीत. मला बघून पहिले हसायची, मग "काय आबा, आज कुठला?" असं विचारायची. पण त्यांना बघून मला खळ्यावरचे गडी आठवायचे. फरक एवढाच, आमच्या डोक्यावर मुकादम उभा होता. यांच्या डोक्यावर कोण उभा आहे ते दिसत नाही.

एकदा गर्दी ओसरल्यावर निशा काउंटरला टेकून म्हणाली, "तुमचं बरंय आजोबा. मला सकाळपासून बसायला नाही. आत स्टूल ठेवलं तर मालक म्हणतो, बसलेला माणूस गिऱ्हाइकाला आळशी दिसतो."

"जेवतेस कधी?"

"हे काय." तिनं भट्टीकडं पाठ करून डब्यातली पोळीची गुंडाळी तोंडात घातली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तिनं तोंड पुसलं.

मुकादमाचा आवाज मला ओळखू आला.

पेपरामागून पेपर होत गेले. मधे महाशिवरात्र झाली, महादेवाच्या देवळापुढं रांगा लागल्या, गल्लीतली पोरं रात्रभर भजनं लावून जागली आणि ऋतुजा खोलीला कडी लावून अभ्यासाला बसली. आणि मग माझा व्हिडिओ निघाला. कुणी काढला माहीत नाही. मी पाटावर, पुढं कागदाची ताटली, बाजूला कुत्रं, मागं निऑनच्या पाटीवर इंग्रजी नाव. दुकानाच्या मालकानं तो बघून निशाला फोन केला, आजोबांना काचेच्या आत पुढं बसवा, लोक बघायला येतील. मी म्हणालो, "त्याला सांग, मी बुजगावणं नाय. आणि मला बसवायचं आसंल तर आधी तुला बसव म्हणावं." तिनं खरंच तसं सांगितलं. पलीकडून फोन बंद झाला.

हे सगळं भास्करच्या ऑफिसात पोचलं. शेवटच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी तो घरी आला तो बूट न काढता माझ्यापुढं उभा राहिला.

"आबा, हे तुम्ही आहात ना?" फोन माझ्या नाकापुढं.

"मीच. चांगला आलाय."

"लोक विचारतात, तुझे वडील फुटपाथवर बसून काय खातात? घरी जेवायला घालत नाही का?"

"सांग त्यांना, घरी पण असाच बसतो."

"मस्करी नको. उद्या पाट न्यायचा नाही."

"मग उपाशी राहीन."

त्यानं फोन खिशात घातला आणि हळू आवाजात म्हणाला, "तेच तर येतं तुम्हाला. माझ्या लग्नातही तेच केलंत. सगळ्या गावाला जेवा म्हणालात आणि माझ्या घरचा घास नाही खाल्ला. मी तुमच्यासाठी एक टेबल-खुर्ची मागवून ठेवली होती. स्टेजच्या मागं. तुम्ही बघितलंही नाही."

हे मला माहीत नव्हतं. पण मी म्हणालो, "एकट्याला स्टेजच्या मागं बसवतात ती पंगत नसते. मी तेव्हाही बरोबर होतो."

"तुम्ही कायमच बरोबर असता." त्यानं माझा पाट उचलला, स्टुलावर चढला आणि माळ्यावर टाकून दिला. मला चढता येत नाही हे त्याला माहीत होतं.

म्हातारी दारात सगळं ऐकत उभी होती. ती भास्करला काही बोलली नाही, मला म्हणाली, "पंगत पंगत करता जन्मभर. तुम्ही बसायचे. आम्ही वाढणाऱ्या उभ्याच होतो की. तुमच्या पंगती उठल्यावर आम्ही चुलीपाशी काय खाल्लं, बसून का उभ्यानं, कधी विचारलंत?"

मी अंथरुणावर पडून राहिलो.

सकाळी ऋतुजा तयार झाली. शेवटचा पेपर. मी रिकाम्या हातानं चपला घालत होतो. पाट नाही तर नाही, फरशीवर बसेन, पण बसेन, असं ठरवलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरात हंडा सरकवल्याचा आवाज आला. म्हातारी तिचा पाट घेऊन आली. पदरानं पुसला, माझ्या पिशवीत कोंबला.

"हा न्या. एवढा हट्ट केलाय तर मधे सोडू नका. अर्धवट हट्टासारखं वाईट दिसत नाही काही."

रिक्षात मी तो पिशवीतून काढला नाही. दुकानापाशी टाकला तेव्हा बघितलं. मधोमध काळं गोल वर्तुळ होतं, हंड्याच्या बुडाचं. पाणी मुरून मुरून लाकडाचा रंग गेला होता. बाकी पाट नवा कोरा. पितळी फुलं तशीच टोकदार, कुणाच्या लुगड्यानं घासलीच नव्हती. माझ्या पाटाला माझ्या बसण्याचा खळगा आणि हिच्या पाटाला हंड्याचा डाग. लग्नात आम्ही दोघं शेजारी बसलो होतो एवढं मला आठवतं. त्यानंतर ती त्याच्यावर बसलेली मला आठवेना. आठवायचा लय प्रयत्न केला. त्या वर्तुळावर मी बसलो. टोचलं.

पेपर सुटायच्या सुमाराला भास्कर आला. अर्धी रजा टाकून लेकीला न्यायला आला होता. मला बघितलं, पाट बघितला, आणि तो ओळखला. घरातली वस्तू रस्त्यावर दिसली की माणूस दचकतो, तसा तो दचकला.

"हा आईचा आहे."

"हां. तिनं दिला."

ऋतुजा फाटकातून पळत आली, पाकीट हवेत हलवत. "संपलं," म्हणाली, आणि काही न विचारता माझ्या उजव्या हाताला फरशीवरच फतकल मारून बसली. ड्रेस मळेल याचा विचार केला नाही. "निशाताई, दोन द्या. एक बाबांना."

निशानं चतकोरा आणून दिल्या. भास्कर ताटली हातात घेऊन उभा राहिला. ऊन डोक्यावर. त्याच्या ऑफिसच्या पँटला इस्त्रीची धार होती. आजूबाजूची पोरं टेबलांवरून आमच्याकडं बघत होती, एकानं फोन काढला.

"उठा आबा," तो म्हणाला. "गाडीत बसून खाऊ. एसी लावतो."

"पंगतीतून मधे उठवत नसतात."

"ही काय पंगत आहे?"

"दोन बसलेत. तिसऱ्याला जागा हाय."

तो बघत राहिला. आधी माझ्याकडं, मग त्या फोनवाल्या पोराकडं, मग पाटाकडं. मी चावत होतो. तोंडात घास होता, मला बोलायचं नव्हतं. आणि तो बसला. बसला म्हणजे काय, पँट वर ओढून उकिडवा झाला, टाचा टेकल्या, ढुंगण वरच. आमच्याकडं उकिडवं बसून जेवणाऱ्याला पंगतीत धरत नाहीत. वाढपी म्हणतो, आधी नीट मांडी घाला. मी तोंड उघडलं होतं. पण त्यानं ताटलीतलं टोक तोडलं आणि बाजूला ठेवलं, कुत्र्यासाठी. मी त्याला हे कधी शिकवलं होतं, मलाच आठवत नव्हतं. मी तोंड मिटलं आणि तो पंगतीत धरला.

"तिखट आहे," तो म्हणाला. डोळे पुसत होता.

"मी बिया टाकल्यात."

"माझ्या ताटलीत कशाला?"

"तुला लहानपणी आवडायचं."

"लहानपणी तुम्ही मला सांगायचात मला काय आवडतं," तो म्हणाला, पण खात राहिला. ऋतुजाचं आधी झालं. ती उठायला लागली तर मी तिचा हात धरून खाली बसवलं. बाबाचं व्हायचंय अजून. ती बसली. भास्कर उकिडवा बसून सावकाश खात होता, कड सोडून नाही, कडेसकट. आम्ही दोघं त्याच्यासाठी थांबलो.

मग उठायची वेळ आली. माझा हात शटरच्या पट्टीकडं गेला, पण पट्टी लांब पडत होती. भास्करनं हात पुढं केला. मी धरला. आणि तो स्वतः उठायला गेला तर त्याचाही गुडघा कटकन वाजला आणि तो परत खाली. शेवटी मी त्याला ओढला का त्यानं मला, ते निशाला विचारा, ती काउंटरवर डोकं टेकून हसत होती.

गाडीत मी त्याला म्हणालो, "मी तेव्हा बरोबर होतो, ते होतोच." तो म्हणाला, "माहितीये." पुढच्या सिग्नलला म्हणाला, "पाट काढून देतो माळ्यावरून."

यंदा ऋतुजा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, सकाळी गाडी काढून जाते, तिला माझी सोबत लागत नाही. मी अजून अधूनमधून जातो कॉलेज रोडला, एकटा, पाट घेऊन. दुकानात आता काउंटरच्या मागं एक स्टूल आहे. ते कसं आलं मला माहीत नाही, आणि निशा सांगत नाही.

पण त्या वर्षीचं राहिलं होतं ते सांगून टाकतो. परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. दोन्ही पाट धुतले. हंड्याचं वर्तुळ राखेनं घासलं, गेलं नाही. म्हातारी आली आणि नेहमीसारखी ओट्याशी उभी राहून चहाचं आधण टाकायला लागली. हंडा ठेवायला पाट कुठंय म्हणून तिनं मागं बघितलं, तर मी तो माझ्या पाटाशेजारी मांडला होता आणि पुढं दोन ताटल्या, कालचे पोहे परतून. माझ्या हातचे. करपले होते थोडे.

"बस," मी म्हणालो.

"चहा ठेवलाय. उतू जाईल."

"जाऊ दे."